कोपरा गेलेलं कार्ड

मंसाराम,

तुझ्या कमरेची चावी माझ्याकडे आली. तुला आंघोळ घातल्यावर करदोडा तोडला तेव्हा ती खाली पडली, आणि तुझ्या रामकृष्णाने उचलून माझ्या हातावर ठेवली. "काका, डब्याची हाये. ठेवा तुमच्याजवळ," म्हणाला. मी म्हटलं, डबा तुझ्या बापाच्या सपरीत, ओसरीवर आहे, चावी तुझी. तो म्हणाला, "बाबा म्हनत होते, डबा तुमचा दोघांचा." दोघांचा होता हे खरंच. पण त्या डब्यावरून आपलं दोघांचं एकदाही जमलं नाही, हे त्या पोराला कोण सांगणार.

मी लिहितो ते शाळेतल्यासारखं लिहितो, यावर तू हसायचास. "बोलतेस झाडीचा, लिहितेस पुन्याचा," म्हणायचास. हस. चौथी पास झालेला माणूस आहे मी. तुझी तिसरी अर्ध्यावर राहिली होती. आपल्या टोल्यात, एवढ्याशा वस्तीत, त्या काळी एवढे दोनच शिकलेले, म्हणून तर लोकांनी आपल्या हातात चिठ्ठ्या दिल्या. नाहीतर कोण देतो?

आज सकाळी तुझ्या सपरीत गेलो. दाराशेजारच्या खांबाला डबा तसाच आहे. खालून गंजला आहे. तू खाचेवर चामड्याची झडप लावली होतीस, ती वाळून वर वळली आहे. मी ती हाताने खाली दाबली तर पुन्हा वर आली. तुझ्यासारखीच. तुझी बायको आतून म्हणाली, "भाऊजी, काही आलं का त्याच्यात?" मी म्हटलं, नाही. कुलूप उघडलंच नव्हतं.

कुठून सुरू झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण मला सांगायची आहे.

भागरथा, तुझी पाठची बहीण, जंगलाच्या त्या अंगाला दिलेली. सकाळी निघालं तर दुपारी पोचावं एवढीच वाट. तिच्या थोरलीचं लग्न निघालं आणि तिनं तुला पत्र टाकलं. ते पत्र तिकडच्या पोस्टातून निघून भंडाऱ्याला गेलं, तिथून फिरत फिरत आपल्याजवळच्या मोठ्या गावी आलं. त्या गावाचं नाव लिहीत नाही, तिथं आपले सोयरे आहेत. तिथला डाकवाला आपल्या टोल्यात पाय ठेवत नसे. बाजाराच्या दिवशी दिसेल त्याच्या हातात आपला गठ्ठा द्यायचा आणि मोकळा व्हायचा. तुझं पत्र कोणाच्या तरी पिशवीत मिरच्यांखाली राहिलं. तुला मिळालं तेव्हा लग्न होऊन गेलं होतं. नवरीच्या मागे मामा उभा राहावा लागतो. मामा नाही म्हणून भागरथेच्या नवऱ्याचा कोणी मित्र उभा केला.

तू ते पत्र घेऊन माझ्या धानाच्या बांधीवर आलास. मी धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, माती टाकत होतो.

"हे पाह्य," म्हणालास. "दुपारच्या वाटेची चिठ्ठी भंडारा पाहून आली."

"तिले फिराची हौस असन," मी म्हणालो.

तू हसला नाहीस. धुऱ्यावर बसलास आणि म्हणालास, "आपलीच डाक काढू, फागो." तुझ्या अंगात एकदा काही आलं की ते निघत नसे. माझ्याही. एवढी एक गोष्ट आपली सारखी होती.

तेलाचा रिकामा पिपा तू आणलास. झाकणाला कडी-कोयंडा मी बसवला. छिन्नी घेऊन तू वर खाच पाडायला लागलास तिथंच पहिलं भांडण झालं. मी म्हणालो, खाच नको. ज्याला चिठ्ठी द्यायची त्यानं यावं, हातात द्यावी, कोणाची कोणाला ते तोंडानं सांगावं. पोचवणाऱ्याला माहीत नको का आपण काय नेतो?

"आनि ज्याले सांगता येत नाही तो?"

"ज्याले सांगता येत नाही तो चोर असन."

"सून असते गा," तू म्हणालास. "माहेरी लिहाचं असते. सासऱ्याच्या दोस्ताच्या हातात देईन का ती? पदर ओढून पान्याले जाता जाता टाकन, तेवढीच खाच पाह्यजे तिले."

कोणाची सून, ते तू त्या दिवशीही सांगितलं नाहीस आणि पुढेही नाही. मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालास, "डाकवाल्यानं पाहू नये." माझ्या घरात त्या वर्षी सून आलेली होती, हे मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. मी पुन्हा विचारलं नाही, एवढंच. आता विचारायला तू नाहीस. तिला विचारणार नाही.

खाच पडली. तुझंच झालं. म्हणून शाई माझी झाली.

चिठ्ठी आपल्या डब्याची आहे हे पलीकडच्या गावाला कळायला काही खूण हवी. तू सागाची खुंटी घेऊन तिच्यावर सारस कोरलास, आपल्या तलावाकाठच्या बांधीत दरवर्षी येणारा. कोरताना त्याचा एक पाय तुटला.

माझी बायको म्हणाली, "हे का लंगडी कोंबडी हाये का, भाऊजी?"

"सारस हाये. एक पाय वर घेऊन उभा हाये."

"मंग उभा राहून काय करून राह्यला?"

"तुमच्या नवऱ्याची वाट पाहून राह्यला," तू म्हणालास. ती चुलीपुढे बसून पोट धरून हसली. ती गेल्यावर तसं हसणं माझ्या घरात झालं नाही.

बाजारची शाई पावसात वाहून जायची. मी दिव्याची काजळी घेतली आणि भाताच्या घट्ट पेजेत कालवली. त्याचा शिक्का असा बसला की भिजलं तरी हलेना. सारस कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात मारायचा हेही मीच ठरवलं, म्हणजे मजकुरावर येत नाही. ती शाई माझी होती, आणि आजही मी म्हणतो, तशी शाई कोणी केली नाही.

लोकांना वाटायचं काय मोठं काम, चार चिठ्ठ्या इकडून तिकडे न्यायच्या. त्यांना काय माहीत. पावसाळ्यात ओढा आला की दोन दिवस वाटच नाही, आणि इकडे प्रत्येक जण सपरीत येऊन विचारणार, माझं उत्तर काहून नाही आलं. उधई लागायची. डबा आतून घामेजायचा. नाव नसलेली चिठ्ठी यायची, नुसतं "मोठ्या वहिनीला". कोणत्या? ज्या गावात आपला माणूस नाही तिथं कोणाच्या दारात ठेवायची? प्रत्येक गावात एक घर धरायला लागलं, त्या घराशी गोड बोलायला लागलं, त्यांच्या घरच्या भांडणात दोन्हीकडून मान हलवायला लागली. एक दिवस गेलो नाही तर म्हणायचे, गेले हे पण सरकारसारखे. आपल्या धानाच्या रोवणीच्या दिवसांतही तू निघायचास. तुझी बायको माझ्या बायकोपुढे रडायची. मला राग यायचा आणि मीही निघायचो. तू गेलास आणि मी नाही, असं कसं होऊ द्यायचं?

एकदा सायकलवर पोस्टखात्याचा एक माणूस आला. कुठून तरी त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं डब्याभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "पैसे घेता का?" तू म्हणालास, "नाही." तो म्हणाला, "घेतले तर गुन्हा आहे." तू म्हणालास, "घेतले असते तर ही पोट्टी काहून शिव्या देत असती?" तुझ्या पोरांनी त्याला चहा दिला. जाताना त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि नंतर कधी आला नाही.

मग देवीच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. ही चिठ्ठी मिळाली तशी इतक्या जणांना लिहून पाठवा, पाठवाल तर भाग्य उघडेल, फाडाल तर घरात वाईट होईल. कोण टाकायचं कळायचं नाही. खाचेतून कोणीही काहीही टाकतो, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डबा भरायला लागला. बाया भीतीनं पुन्हा लिहायला बसायच्या, पुन्हा टाकायच्या. मी त्या सगळ्या चुलीत घातल्या.

"दुसऱ्याची चिठ्ठी जाराची नाही," तू म्हणालास.

"देवी मले बोलन. तुले नाही बोलनार."

"देवीचं नाही सांगून राह्यलो. आज ही जारली, उद्या तुले दुसरी आवडनार नाही, तेही जारशीन. मंग लोकाईनं टाकावी कशी?"

"हातात द्यावी."

पुन्हा खाच. आपलं प्रत्येक भांडण फिरून त्या खाचेवरच यायचं. त्यानंतर आठवडाभर तू माझ्याशी बोलला नाहीस. चिठ्ठ्या मात्र दोघांनी पोचवल्या, तू नदीकडच्या, मी जंगलाकडच्या. भागरथेचं गाव जंगलाकडे, म्हणून ते माझ्याकडे. सख्खा भाऊ दर वेळी दारात आला तर तिला दर वेळी काही रांधावं लागतं. मी गेलो तर लोटाभर पाण्यावर भागायचं.

हे सगळं असूनही आपला डबा चालला, मंसाराम. बाया दारातून म्हणायच्या, "सारस आला," आणि हात पुसत बाहेर यायच्या. वाचता येत नसलेल्या माणसालाही कोपऱ्यातला एका पायाचा पक्षी दिसला की कळायचं, हे भरवशाचं आहे, घरचं आहे. पोस्टाचा ठप्पा कितीही गोल असला तरी त्याला कोणी असं म्हटलं नाही.

आणि मग मंडई आली.

दिवाळी झाली, हलका धान घरात आला. आपल्या टोल्याची मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, सगळ्या सोयऱ्यांना आवतन. दंडारीचं नाटक ठरलेलं. त्या वर्षी जेवढी कार्डं निघाली तेवढी कधी निघाली नव्हती. संध्याकाळी आपण दोघं बसून सगळ्यांवर सारस मारला आणि ओली कार्डं वाळायला पुन्हा डब्यात उभी केली. सपरीत बाजूला नव्या धानाची पोती रचलेली. सकाळी धुक्यात डबा उघडला, तू तुझा गठ्ठा घेतलास, मी माझा.

कोपरे खाल्लेले होते. मी पाहिलं. तूही पाहिलंस. तू म्हणालास, "उंदीर आला गा." मी म्हणालो, "मजकूर शाबूत हाये. चाल." सगळ्यांचे नव्हते खाल्ले, पण बऱ्याच जणांचे, आणि नेमका तोच कोपरा, जिथं माझी पेजेची शाई होती. एवढं सुगंधी खाणं उंदराला दुसरं कुठं मिळणार होतं.

आपल्याकडे मौतीचं कार्ड कोपरा फाडून पाठवतात. हे आपल्या दोघांना माहीत नव्हतं का? रोज तेच हातात. पण आपल्या डोक्यात मंडई होती. दंडारीत तू राजा होणार होतास आणि तुझा मुकुट चिकटत नव्हता, त्याच घोरात तू होतास. मला सांज व्हायच्या आत सगळी गावं करायची होती. म्हणून मी कुठे बसलो नाही, पाणी घेतलं नाही. भागरथेच्या दारात पोचलो तेव्हा ती मागे गोठ्यात होती. तिच्या सासूच्या हातात कार्ड दिलं. म्हातारी म्हणाली, "बसा, पानी घ्या." मी म्हणालो, "नाही, लवकर येजा म्हना," आणि उलट पावली निघालो.

कोपरा नसलेलं कार्ड, आणि आणणारा दारात बसत नाही, पाणी घेत नाही. मौतीचं कार्ड आणणारा असाच वागतो. म्हातारीला वाचता येत नव्हतं. भागरथेलाही नाही. वाचणारा पोरगा शाळेच्या गावी राहायचा, दोन दिवसांनी यायचा होता. त्याच्यासाठी कोण थांबतो? रात्री जंगलातून वाट नाही, म्हणून पहाटेच आंघोळ करून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी, मंडईच्या दिवशी, टोल्यात पिपाण्या वाजत होत्या, जिलेबीचा घाणा लागला होता, आणि जंगलाच्या वाटेनं बाया रडत आल्या. पुढे भागरथा. केस सुटलेले, आंघोळीचं ओलसर लुगडं तसंच अंगावर. "माह्या भाऊ गेला वं," म्हणत ती आली ती सरळ तुझ्या सपरीत. तू आत तोंडाला रंग लावून बसला होतास, अर्धं तोंड लाल, अर्धं तुझं. ओरड ऐकून बाहेर आलास. तुला पाहून ती किंचाळली ती मला आजही ऐकू येते. मग तिनं तुझ्या तोंडाला हात लावला. रंग तिच्या हाताला लागला. मग तिनं तुला मारलं, दोन्ही हातांनी, छातीवर, आणि तू मार खात उभा राहिलास.

"जित्या मानसावर रडली मी," ती म्हणत होती. "अख्खी वाट रडत आली. जित्या भावावर."

नदीकडूनही माणसं आली, कोणी मामासाठी, कोणी काकासाठी. ज्याच्या त्याच्या दारात रडणं. ज्यांच्यासाठी रडत होते ते जिलेबी खाऊन राहिले होते. काही लोक हसले. हसता हसता त्यांचे चेहरे बदलले, कारण येणारे हसत नव्हते. त्यांच्या घरच्या चुली विझल्या होत्या, आंघोळी झाल्या होत्या. दंडार झाली, पण राजाचा आवाज निघाला नाही.

जाताना भागरथा तुला म्हणाली, "खोटी मौत ऐकली म्हंजे आयुष्य वाढते म्हनतात. तुहं वाढलं." किती वाढलं ते मात्र कोणी सांगत नाही.

त्या रात्रीपासूनचं आपलं भांडण अजून चालू आहे. तू म्हणालास पेज. खायची वस्तू शाईत घातली तर उंदीर येणारच. मी म्हणालो खाच. खाच नसती तर पेज असो की खीर असो, उंदीर आत आला असता का? तू म्हणालास, शाई बदल. मी म्हणालो, खाच बुजव. तू खाच बुजवली नाहीस, झडप लावलीस. मी शाई बदलली नाही, सारस कोपऱ्यातून मधे घेतला. एवढ्यावर दोघं थांबलो. लोक त्याला तडजोड म्हणाले. तडजोड नव्हती ती. कोणीच हरलं नव्हतं.

पण डब्याचं नाव गेलं. ते गेलं कसं ते आपल्याला पुढे हळूहळू कळलं. आपण दोघं मिळून गावोगाव गेलो. तू प्रत्येक दारात बसून दाखवायचास, "हे पाहा, उंदराचा कोपरा दातेरी असते, फाडलेला असा जाते. बोट फिरवून पाहा." बाया बोट फिरवायच्या, मान हलवायच्या, आणि पुढच्या वेळी चिठ्ठी दारातच ठेवायला सांगायच्या. नदीकडच्या एका गावचा पाटील तर हात जोडून उभा राहिला.

"बाप्पा, राग नका मानू. तुमचा सारस आमच्या शिवेत नको. चिठ्ठी पाहून माही बायको कापते."

तू म्हणालास, "पाटील, एकदा उंदीर आला."

तो म्हणाला, "ते मले समजते. पन उद्या खरीच मौतीची आनशान, तं कोन मानन?"

परत निघालो. तलावाच्या पाळीवर आल्यावर म्हणालास, "फागो, त्याचं खरं हाये. चिठ्ठी पोचवता येते. भरवसा पोचवता येत नाही."

एकेक गाव गळालं. चांगल्या चिठ्ठ्या, मजुरीच्या, औषधाच्या, मुलगी पाहायला येण्याच्या, त्याही लोक परत द्यायचे. आपलं काय चुकलं होतं? ज्याचं काही चुकलं नाही त्याचीही चिठ्ठी सारसामुळे परत यायची. मग लोक टाकेनासे झाले. मग सरकारचा लाल डबा आला, शाळेच्या भिंतीला. तू पहिल्या दिवशी तिथं जाऊन उभा राहिलास, आत डोकावलास आणि मला म्हणालास, "आता बंद करू. लोकाईची चिठ्ठी पोचली पाह्यजे गा. कोन्या डब्यातून, त्याचं काय?"

मी म्हणालो, "मले हाये."

"कायले?"

"कारन तो आपला हाये."

तू हसलास. पहिल्यांदा तुला बंद करायचं होतं आणि मला नाही, आणि तू माझं ऐकलंस. का ऐकलंस ते मला कधी कळलं नाही. भागरथेसाठी असेल. तिनं एकटीनं सारस नाकारला नाही. म्हणायची, "माह्या भावाचा कोंबडा हाये, येऊ द्या." पुढची सगळी वर्षं आपला डबा तिच्या एका घरासाठी चालला. सडक झाली, एसटी जायला लागली, आणि मी पायी तुझं कार्ड घेऊन जायचो. लोक हसायचे. हसू दे. वयानं गुडघे गेल्यावर मग एसटीनं गेलो, पण गेलो.

तू गेलास त्या सकाळी रामकृष्ण म्हणाला, "काका, मी मोटारसायकलनं जाऊन आत्याले घेऊन येतो." मी म्हणालो, थांब. डब्याजवळ गेलो. कोरं कार्ड घेतलं. लिहायला काही सुचेना, तर नुसतं तुझं नाव लिहिलं. सारस मधे मारला. कोपरा फाडला तो एकदम सरळ नाही गेला, हे खरं. पहिल्या एसटीनं निघालो. हे मी का केलं ते मला विचारू नकोस. तोंडानं सांगायचं माझ्यानं झालं नसतं. कार्ड असलं की ते बोलतं, आपल्याला बोलावं लागत नाही. म्हणून तर माणसं कार्ड पाठवतात.

भागरथा अंगणात सूप घेऊन बसली होती. मला पाहून उठली. कार्ड हातात घेतलं. सारस पाहिला, गेलेला कोपरा पाहिला, आणि हसली रे. दात पडलेल्या तोंडानं हसली.

"भाऊ, पुन्हा उंदीर आला का गा? सांगते मी त्याले, मांजर पोस म्हना. बस. पानी आनते."

मी उभाच राहिलो. ती आत गेली, लोटा घेऊन आली, माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला नाही. ती धरून उभी राहिली. "घे ना गा. उन्हाचा आला." मी घेतला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग लोटा खाली ठेवला, सुपावरचं कार्ड उचललं, आणि जिथं कोपरा नव्हता तिथून बोट फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. तूच शिकवलं होतंस तिला.

ती रडली नाही. लुगडं नीट केलं, सुनेला काही सांगितलं आणि माझ्यासोबत एसटीत बसली. अर्धी वाट गेल्यावर म्हणाली, "मी तं त्याच्यासाठी तवाच रडून बसली, भाऊ. आता कुठून आनू?" मी खिडकीबाहेर पाहत होतो. कापणी लागली होती.

तुला तिच्यासाठी उन्हं उतरेपर्यंत ठेवलं होतं. ती तुझ्याजवळ बसली आणि तिनं तुझ्या तोंडाला हात लावला, मंडईच्या दिवशी लावला होता तसाच. मग हात उलटा करून पाहिला. रंग लागला नव्हता. तेव्हा ती रडली.

पाटील म्हणाला होता, खरीच आणाल तर कोण मानेल. मानलं, मंसाराम. शेवटचं गाव होतं, तिथं मानलं. पण आधी ती हसली, आणि ते हसणं माझ्या डोक्यातून जात नाही. त्या एका क्षणात तिच्या अंगणात तू जिवंत होतास आणि फक्त मला माहीत होतं. एवढं ओझं मी कुठल्याच फेरीत उचललं नव्हतं.

तुझ्याशिवाय आता खाच की पेज हे कोणाशी भांडू? रामकृष्ण म्हणतो, दोन्हींमुळे झालं असेल, काका. तरण्या पोरांना असं दोन्हीकडून बोलता येतं. मला येत नाही. खाचेमुळेच झालं. तू असतास तर म्हणाला असतास, पेजेमुळे, आणि मग आपण दोघं जेवायला गेलो असतो.

हे लिहिलेलं इथं कोणाला दाखवणार नाही. डोळे अधू झाले आहेत, अक्षर ओळीबाहेर गेलं आहे, ते तुझ्या तिसरीला चालेल. सुनेनं सकाळी पेज केली होती, तिच्यातच काजळी कालवली. या कागदावर सारस मधे नाही मारला. पहिल्यासारखा कोपऱ्यात मारला.

चावी माझ्याजवळ आहे. झाकण उघडून ठेवू शकतो. पण ही चिठ्ठी खाचेतूनच टाकतो.

कोपरा मी फाडलेला नाही. उद्या गेलेला दिसला तर तो उंदरानं नेला असं समज.

फागो